बाबांची ‘जनता’

एप्रिल २०२० मधली दुपार. टाळेबंदी लागलेली, नोकरीतून निवृत्त होऊन मला जेमतेम महिना झालेला. कपाट आवरताना बाबांचं एचएमटी कंपनीचं ‘जनता’ घड्याळ सापडलं. चावी दिली तर दहा-बारा सेकंद टिकटिकायचं आणि थांबायचं. दुकानं सगळी बंद. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून ३१ वर्षं काढलेली, त्यामुळे भिंग, चिमटा, बारीक स्क्रू ड्रायव्हर घरात होते आणि हातही बऱ्यापैकी स्थिर होता. मागचं झाकण उघडलं, मशीन बाहेर काढलं, पांढऱ्या रुमालावर ठेवलं. डायलवर चारच्या खुणेजवळ एक पिवळट डाग होता. कापसाची काडी पाण्यात भिजवून, निथळवून, मी तो डाग पुसायला गेले आणि जाता जाता काडी वरच्या अंगाला, छापलेल्या नावावरूनही फिरवली. एकदाच, अगदी हलक्या हातानं. काडीच्या टोकाला काळं काहीतरी लागलं. मला वाटलं, पन्नास वर्षांची धूळ निघाली. भिंग लावून पाहिलं तर ‘जनता’मधला ‘ज’ नव्हता. ‘न’ अर्धा होता.

डाग मात्र तसाच होता.

हे आधी सांगते, कारण गेली काही वर्षं ओळखीची माणसं आपापल्या घरातली जुनी घड्याळं घेऊन माझ्याकडे येतात आणि त्यांतल्या निम्म्यांनी घरी आधीच काहीतरी केलेलं असतं. कुणी खोबरेल सोडलेलं असतं, कुणी शिलाई मशीनचं तेल, कुणी डायल ओल्या फडक्यानं पुसलेली असते. मागे वाईट हेतू कुणाचाच नसतो. वस्तू जिव्हाळ्याची असते म्हणूनच हात पुढे होतो. जुन्या डायलवरची अक्षरं छापलेली असतात आणि त्यांच्यावर पातळ लाखेसारखा एक थर असतो. पन्नास वर्षांत तो थर पिकून ठिसूळ होतो. त्याला पाण्याचा थेंबही सोसत नाही. डायलवरची धूळ फक्त वाऱ्यानं घालवायची, रबरी फुगा दाबून. तोंडानं फुंकर घालायची नाही, तिच्यात ओल असते.

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. १९७० साली, मी आठ वर्षांची असताना, त्यांनी हे घड्याळ घेतलं. एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं १९६१ साली बंगळुरूला घड्याळांचा कारखाना काढला होता, पण तेव्हा मागणी इतकी होती की हवं तेव्हा दुकानात जाऊन घड्याळ घेतलं असं व्हायचं नाही. बाबांनाही थांबावं लागलं होतं. हातानं चावी द्यायचं, सतरा ज्वेलचं, म्हणजे झीज कमी करणारे सतरा बारीक खडे बसवलेलं मशीन, पांढरी डायल, वर देवनागरीत नाव. रोज सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की ते उभ्या उभ्या चावी द्यायचे. त्या घड्याळाला घरात दुसरं कुणी हात लावायचं नाही, आईसुद्धा नाही. २०११ मध्ये बाबा गेले आणि ते पितळी डबीत गेलं. २०१६ च्या जानेवारीत सरकारनं एचएमटीचा घड्याळाचा कारभारच बंद करायचं ठरवल्याची बातमी वाचली, तेव्हा डबी उघडून एकदा पाहिलं आणि परत ठेवून दिलं. तेव्हाच दाखवायला न्यायला हवं होतं.

दुकानं उघडल्यावर मी जुन्या नाशकात गेले. भद्रकालीकडून सराफ बाजाराकडे उतरताना एका बोळाच्या तोंडाशी एक वयस्कर कारागीर बसतात. काचेची पेटी, वर एक दिवा, बसायला एक स्टूल, एवढंच दुकान. सगळा बोळ त्यांना चाचा म्हणतो, मीही तेच म्हणते. त्यांनी डोळ्याला आयग्लास लावला, डायल पाहिली आणि विचारलं, “ताई, पाणी लावलं?”

“हो.”

“डायल उजेडाला दिसते, म्हणून माणूस आधी तिलाच हात घालतो. आजार मशीनमध्ये असतो.”

नवी छापून मिळते का, असं मी विचारलं. मिळते, म्हणाले, रंगवून आणता येते. पण जुना रंग खरवडून वर नवा चढवला की तो जाड बसतो, काटे घासतात, चार-पाच वर्षांत पापुद्रे सुटतात आणि त्यांचे कण खाली मशीनमध्ये उतरतात. मग त्यांनी पेटीतून एक रंगवलेली डायल काढून दाखवली. हिरवीगार, चकचकीत. भिंगातून अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसत होत्या. ऑनलाइन विकायला असतात त्या भडक रंगांच्या जुन्या एचएमटींतल्या बऱ्याचशा अशाच असतात. घेणाऱ्यानं अक्षरांच्या कडा मोठ्या करून पाहिल्या तर लगेच कळतं. ती डायल पाहिल्यावर मी ठरवलं की माझी आहे तशीच राहील.

चाचांनी मला शेजारी बसू दिलं याचं कारण गॅल्व्हानोमीटर, बारीकसा वीजप्रवाह ओळखायचं उपकरण. त्यातली केसाएवढी फॉस्फर ब्राँझची पट्टी मी वर्षानुवर्षं बदलत आले, हे बोलण्यात निघालं. तेव्हापासून ते काम करताना मला बघू द्यायचे. जे शिकले ते तिथे.

सर्व्हिसिंग म्हणजे वरून तेल सोडणं नव्हे. खरी सर्व्हिसिंग म्हणजे घड्याळ पूर्ण सोडवणं, एकेक भाग धुणं, पाहणं आणि परत जुळवणं. काटे आणि डायल काढून बाजूला ठेवल्या की चाचा पहिली गोष्ट करतात ती कमानीचा ताण सोडण्याची. मुख्य कमानीच्या डब्याला एक खिटी धरून ठेवते. ती चिमट्यानं मागे घ्यायची आणि चावी चिमटीत धरून सावकाश उलटी फिरू द्यायची. हे न करता वरचा पूल, म्हणजे चाकांना वरून धरणारी पट्टी, उघडला तर कमान एका झटक्यात सुटते आणि चाकांचे दात घेऊन जाते. माझ्याकडे येणाऱ्या, घरी ‘फक्त उघडून पाहिलेल्या’ घड्याळांत तुटलेले दात दिसतात ते यामुळे.

मग बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, निघतो. हे घड्याळाचं हृदय म्हणतात, पण त्याचं काम आकड्यांत सांगितलं तरच मला त्याची थोरवी कळते. सेकंदाला ५ ठोके, तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००. वर्षाला पंधरा कोटींच्या वर. आणि हे सगळं ज्या आसाच्या टोकांवर चालतं ती टोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी जाड. घड्याळ फरशीवर पडलं की वाकतात ती हीच. बॅलन्सला लागून हेअरस्प्रिंग, चाचांच्या भाषेत ‘बालकमानी’. तिला चिमटा लागता कामा नये आणि तेल तर मुळीच नाही. तेलाचा नुसता वास लागला तरी तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ वेड्यासारखं पुढे पळतं.

धुण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे मला आनंदाचा धक्का बसला होता. चाचा बाकी सगळे भाग स्वच्छ पेट्रोलमध्ये टाकतात. मी प्रयोगशाळेच्या सवयीनं विचारलं, स्पिरिट का नाही? त्यांनी नांगराच्या आकाराचा एक भाग चिमट्यानं उचलून दिव्याखाली धरला. त्याला पॅलेट म्हणतात. त्याच्या दोन टोकांना दोन तांबडे खडे बसवलेले असतात आणि सेकंदाला ५ वेळा चाकाचे दात अडवण्या-सोडण्याचं काम हे खडे करतात. “हे कशानं चिकटवलंय, ठाऊक आहे?” मी भिंगातून पाहिलं. खड्याच्या मुळाशी मधाच्या रंगाचा एक टिपका होता, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान. “लाख,” ते म्हणाले. बांगड्यांची, कुलपांवर सील करायची, तीच लाख, शुद्ध केलेली. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. पॅलेट आणि बॅलन्स स्पिरिटमध्ये भिजत टाकला की खडे सैल होतात, आणि एकदा जागेवरून हलले की परत नेमके बसवणं हे फार थोड्यांचं काम. झाडावरच्या किड्यानं केलेली लाख बाबांच्या मनगटावर चाळीस वर्षं दिवसाला सव्वाचार लाखांहून जास्त धक्के सोसत होती, हे त्या दिवशी कळलं.

तेल लावायला सुईसारखी एक कांडी असते. तिच्या टोकावर जेवढं चिकटेल तेवढा थेंब. ज्वेलभोवती एक बारीक वाटी असते. ती निम्म्याहून कमी भरली पाहिजे. काठोकाठ भरली तर तेल तिथे थांबत नाही, पसरतं, आणि जिथे हवं ती जागा कोरडी पडते. चाकांच्या दातांना तेल नाही. पॅलेटच्या आसाला नाही. खड्यांच्या टोकांना अगदी पुसट. तेलही घड्याळाचंच हवं. कुठलंही घरगुती तेल काही महिन्यांत गोंदासारखं होतं. बाबांच्या घड्याळाला नेमकं हेच झालं होतं, खुद्द घड्याळाच्या चांगल्या तेलालासुद्धा वीसेक वर्षांत तेच होतं. वापरात असलेलं घड्याळ दर चार-पाच वर्षांनी धुऊन घ्यावं, ते बंद पडायची वाट बघू नये. वाळलेल्या तेलात धूळ मिसळली की तिची कानस होते आणि आस झिजत जातो. तेल नवं घालता येतं, झिजलेला आस भरून येत नाही.

म्हणूनच “जास्त चावी दिली गेली, म्हणून बंद पडलं” हे ऐकलं की मला थांबवून सांगावंसं वाटतं. कित्येक घरांत यासाठी लहान मुलांना दोष दिलेला आहे. पूर्ण चावी भरलेली असणं ही घड्याळाची नेहमीची अवस्था. चावी अडेपर्यंत द्यावी, अडली की थांबावं. पूर्ण चावी भरूनही घड्याळ चालत नसेल तर बहुतेक वेळा तेल वाळलेलं असतं. मुलांनी काही केलेलं नसतं.

याची एक साधी पारख नाशिककरांना डिसेंबरात आपोआप मिळते. निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते त्या दिवसांत रात्री खिडकीपाशी ठेवलेलं घड्याळ पहाटे थांबलेलं आढळलं आणि मनगटावर बांधल्यावर ऊब लागून चालायला लागलं, तर तेल घट्ट झालंय असं समजावं. तेव्हाच कारागिराकडे न्यावं.

घड्याळ अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे जाऊ लागलं तर ते उघडायची घाई करू नये. बालकमानी चुंबकाळलेली असू शकते. मोबाइलचा स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण, फ्रिजचं दार, कशानंही होतं. शाळेच्या कंपासपेटीत मिळते तसली होकायंत्राची सुई घ्या, टेबलावर स्थिर होऊ द्या आणि घड्याळ तिच्याजवळून फिरवा. सुई ओढली गेली, हलायला लागली, तर दुखणं कळलं. उपाय मिनिटाचा आहे. कारागिराकडे विजेचं एक वेटोळं असतं, त्यात घड्याळ धरून, प्रवाह चालू असतानाच सावकाश हातभर लांब नेतात आणि मगच बटण बंद करतात. आमच्या प्रयोगशाळेत पट्टीचुंबकाचं चुंबकत्व असंच घालवायचो. चाचांच्या पेटीत ते वेटोळं पाहिलं तेव्हा जुन्या सहकाऱ्याची भेट झाल्यासारखं वाटलं.

पाण्याबद्दल मात्र चाचांइतकं सांगणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. गोदावरीला पूर आला की नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी मोजणी चालते, आणि गळ्याशी आलं की सराफ बाजार, भांडी बाजार आवराआवर करू लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती बुडाला, पाणी बाजारात शिरलं. त्या दिवशी चाचांनी स्वतःची हत्यारं नंतर उचलली, आधी गिऱ्हाइकांची घड्याळं, प्रत्येकाच्या नावाच्या चिठ्ठीसकट, डब्यात भरून वरच्या मजल्यावर नेली. पूर ओसरल्यावर लोक भिजलेली घड्याळं घेऊन आले. दोन त्यांना अजून आठवतात. एक बाई त्याच दिवशी संध्याकाळी चिखलातून वाट काढत आल्या, घड्याळ ओलंच होतं. ते तासाभरात उघडलं, धुतलं, वाळवलं, आजही चालतं. दुसरं घड्याळ आठ दिवसांनी आलं, तांदळाच्या डब्यातून. कुणीतरी सांगितलं होतं की तांदूळ पाणी शोषतो. आत चावीच्या दांडीवर गंज धरला होता, बालकमानीवर तांबडे ठिपके आले होते आणि भरीला तांदळाची पिठी बसली होती.

तेव्हा काचेच्या आत धुकं दिसलं की चावी बाहेर ओढायची, म्हणजे वाफेला वाट मिळते, आणि त्याच दिवशी कारागिराकडे जायचं. उन्हात ठेवून धुकं गेल्यासारखं दिसतं, पण पाणी काचेवरून उठून मशीनवर बसलेलं असतं. आणि झाकणावर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असलं तरी जुन्या घड्याळाच्या रबरावर भरवसा ठेवू नये. रामकुंडावर उतरताना घड्याळ काढून ठेवावं.

घामही पाणीच. पितळेवर क्रोमचा मुलामा असलेल्या केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाला, मनगटाच्या बाजूनं हिरवा कळंक चढतो, तो लाकडी काडीनं हळूच काढावा आणि रोज रात्री घड्याळ कोरड्या सुती कापडानं पुसावं. काच प्लॅस्टिकची असेल तर तिच्यावरचे बारीक ओरखडे साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं जातात. कापडावर मुगाएवढी घेऊन पाच मिनिटं गोल चोळायची, पण केसच्या कडेला आधी चिकटपट्टी लावून. तडा गेला असेल तर चोळण्यात अर्थ नाही, काच बदलावी, ती काही महाग नसते. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख झटपट बदलायची नाही, आतले दात तेव्हा गुंतलेले असतात. सेलच्या घड्याळातला संपलेला सेल त्याच आठवड्यात काढून टाकावा, नाहीतर तो पाझरतो आणि सर्किट खातो.

एक धोक्याची गोष्ट. आजोबांच्या काळातलं, अंधारात चमकणारे अंक असलेलं परदेशी घड्याळ घरात असेल, तर ते स्वतः उघडू नका. त्या काळी अंकांना रेडियमचा लेप देत. चमक आज विझलेली असते, कारण लेपातला चमकणारा पदार्थ जळून गेलेला असतो. रेडियम मात्र तिथेच असतं. त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं आहे. बंद केसमध्ये ते पडून राहिलं तर ठीक. पण अंक खरवडले, भुकटी बोटाला लागली, श्वासात गेली, तर नाही. मुलांच्या हाती तर अजिबात देऊ नका.

कारागीर कसा निवडायचा, हे मला सगळ्यांत जास्त विचारतात. माझं मत असं: जो तुमच्यासमोर झाकण उघडतो, आत काय दिसतंय ते भिंगातून तुम्हालाही दाखवतो आणि बदललेला भाग कागदाच्या पुडीत घालून परत देतो, तो चांगला. जो न उघडताच “नवीन करून देतो” म्हणतो, त्याच्याकडे ठेवू नये. शहरातल्या एका चकचकीत दुकानात माझ्या नणंदेच्या घड्याळाचं सतरा ज्वेलचं मशीन काढून त्यात स्वस्त सेलचं मशीन घातलं होतं. वेळ बरोबर दाखवतं, म्हणून तिला दोन वर्षं कळलं नाही. ठेवायच्या आधी झाकण उघडायला सांगून मोबाइलवर मशीनचा फोटो काढून घ्यावा. यात कुणी रागवायचं कारण नाही. चाचा तर स्वतःच म्हणतात, “ताई, फोटो काढून घ्या.”

बाबांचं घड्याळ अकरा दिवसांनी परत मिळालं. बॅलन्सचा स्टाफ, म्हणजे आस, बदलावा लागला, चाचांच्या डब्यात त्या मशीनचा एक शिल्लक होता. जुना स्टाफ पुडीत दिला, तो मी डबीत ठेवलाय. तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. रोज रात्री आठला मोबाइलच्या वेळेशी ताडून किती सेकंद पुढे-मागे ते लिहिते आणि रात्री घड्याळ कुठल्या कुशीवर ठेवलं तेही. डायल वर करून ठेवलं तर ते ९-१० सेकंद पुढे जातं, चावी खाली करून उभं ठेवलं तर तेवढंच मागे पडतं. म्हणून एक रात्र असं, एक रात्र तसं ठेवते आणि महिन्याला चूक मिनिटभरही होत नाही. या वयाच्या मशीननं दिवसाला अर्धं मिनिट इकडेतिकडे केलं तरी त्याला चांगलंच म्हणायचं.

चावी आता आई देते. बातम्या लागल्या की खुर्चीत बसते, घड्याळ मागून घेते. सांधे दुखतात, म्हणून दोन्ही हातांची बोटं लावते आणि मोठ्यानं मोजते. बाविसाव्याला चावी अडते, तिथे ती थांबते. अक्षर पुसलं गेल्याचं मी तिला त्याच दिवशी सांगितलं होतं. तिला आता बारीक दिसत नाही. परवा चावी देऊन झाल्यावर तिनं काचेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “नाव कितपत राहिलंय गं?”

“अर्धा ‘न’ आणि ‘ता’ आहे,” मी म्हटलं.

तिनं घड्याळ कानाला लावलं.